निरुपयोगी बांध आणि नदीचा वाटा

पानिपत म्हटले की मराठी वाचकाच्या मनात १४ जानेवारी १७६१ हा दिवस उभा राहतो. आपल्या भाषेने तर त्या गावाच्या नावाचा वाक्प्रचारच करून टाकला आहे. परंतु त्या युद्धाच्या इतिहासात सरदार, तोफा आणि रसद यांच्याइतकाच वाटा असलेल्या एका गोष्टीचा आपल्याला विसर पडतो. ती म्हणजे यमुना नदी. १७६० च्या पावसाळ्यात यमुना दुथडी भरून वाहत होती आणि तिच्या दोन तीरांवर दोन सैन्ये एकमेकांचा अंदाज घेत अडकून पडली होती. भाऊसाहेबांच्या फौजेला पैलतीर गाठता आला नाही. अब्दालीने ऑक्टोबरच्या अखेरीस बागपतजवळ नदी ओलांडली तेव्हा त्यालाही काही माणसे प्रवाहात गमवावी लागली.

तीच यमुना आज पानिपत जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर आहे. पलीकडे उत्तर प्रदेश. गेल्या उन्हाळ्यात कामानिमित्त त्या भागात जाणे झाले, तेव्हा मुद्दाम नदीवर गेलो. वाळूचे विस्तीर्ण पट्टे, मधोमध पाण्याची एक मंद, बारीक धार, आणि तिच्या कडेला उताणी पडलेली एक होडी. परत शहराकडे येताना मात्र कालवा लागला, आणि तो काठोकाठ वाहत होता. नदीत पाणी नाही आणि नदीचे पाणी कालव्यात आहे, हे दृश्य एका तासाच्या अंतराने पाहिल्यावर जो प्रश्न मनात उभा राहतो, त्याचाच विचार येथे करावयाचा आहे. नदीवर उभ्या केलेल्या भिंती कोणासाठी उभ्या आहेत? आणि ज्या भिंतींचे काम संपले, त्या अजून उभ्या का आहेत?

पाणी कोठे जाते

पानिपतच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर, यमुना डोंगर सोडून मैदानात उतरते तेथे, हथनीकुंडचे बॅरेज आहे. १९९९ मध्ये ते बांधून पूर्ण झाले. त्याच्या खाली तीन किलोमीटरवर ताजेवाला येथे ब्रिटिश राजवटीने एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात बांधलेला जुना बंधारा होता. नवे बॅरेज आल्यावर ताजेवाल्याचे काम संपले. येथून दोन कालवे निघतात. पश्चिम यमुना कालवा हरियाणात शिरतो आणि पूर्व यमुना कालवा उत्तर प्रदेशात. पश्चिमेकडील कालव्याचा वारसा चौदाव्या शतकातील फिरोजशहा तुघलकापर्यंत मागे जातो. म्हणजे नदीचे पाणी वळविण्याची कल्पना नवी नाही. नवी आहे ती मात्रा. पावसाळा संपला की नदीतील जवळजवळ सर्व पाणी ह्या दोन कालव्यांत जाते. खालच्या पात्रात जे दिसते ते थोडे सोडलेले, थोडे झिरपलेले आणि थोडे नाल्यांतून आलेले. पानिपतच्या रंगाई कारखान्यांचे सांडपाणीही नाल्यांच्या वाटेने शेवटी ह्याच पात्रात येते.

१२ मे १९९४ रोजी यमुनेच्या पाण्याच्या वाटणीबाबत पाच राज्यांत करार झाला. त्यातील आकडे वाचकांनी डोळ्यांखालून घालावेत. वर्षाकाठी एकूण ११.९८३ अब्ज घनमीटर पाणी. पैकी हरियाणा ५.७३०, उत्तर प्रदेश ४.०३२, राजस्थान १.११९, दिल्ली ०.७२४ आणि हिमाचल प्रदेश ०.३७८. स्वतः यमुनेसाठी एक कलम आहे. ताजेवाल्याखाली आणि ओखल्याखाली वर्षभर सेकंदाला १० घनमीटरपर्यंत किमान प्रवाह राखावा, आणि तोही वरच्या बाजूची साठवण धरणे जसजशी पूर्ण होतील त्या प्रमाणात. साधा हिशेब केला तर वाटणीचे एकूण पाणी वर्षभर सरासरीने सेकंदाला सुमारे ३८० घनमीटर भरते. त्यातील १० म्हणजे शंभरात तीनदेखील नाहीत. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हा १० घनमीटरचा प्रवाह सोडण्याचा आदेश द्यावा लागला. नदीला तिच्याच पाण्यातील तीन टक्क्यांहून कमी वाटा मिळावा म्हणून न्यायालयाची पायरी चढावी लागते, ह्यावरून वाटणी करणाऱ्यांच्या मनात नदीचे स्थान काय आहे ते स्पष्ट होते.

चढणीचा मासा

ह्या सर्व व्यवहारात ज्याची कोठे नोंदच होत नाही असा एक घटक म्हणजे मासा आणि त्याच्यावर पोट असलेला माणूस.

कोकणातील किंवा घाटावरील वाचकांना चढणीचे मासे म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. पहिला मोठा पाऊस झाला, ओढ्यांना लाल पाणी आले, की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात, उथळ, ताज्या पाण्यात, भाताच्या खाचरांतसुद्धा शिरतात आणि अंडी घालतात. रायगड-ठाण्याकडे ह्यालाच वलगण म्हणतात. उत्तरेतील नद्यांतही हाच नियम चालतो. रोहू, कटला, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातील मोठे मासे पुराच्या पाण्यात अंडी घालतात. हिमालयाच्या पायथ्याचा सोनेरी महसीर पावसाळ्यात वरच्या, थंड आणि खडकाळ प्रवाहांकडे जातो. माशाच्या दृष्टीने नदी ही एक वाट आहे, आणि वाटेत आडवी भिंत आली की पुढची पिढी जन्माला येत नाही. दोन मीटरांची भिंतसुद्धा ह्याला पुरते. धरण लहान आहे म्हणून त्याचा अडथळाही लहान आहे असे समजणे चूक आहे.

भिंतीमुळे काय घडते ह्याचे मोठे उदाहरण म्हणजे हिल्सा. समुद्रातून गंगेत शिरून हा मासा एके काळी अलाहाबादच्याही वर, यमुनेत आग्र्या-दिल्लीपर्यंत येत असे. १९७५ मध्ये फरक्का बॅरेज सुरू झाले आणि त्याची वाट अडली. बिहार आणि उत्तर प्रदेशातील नदीकाठच्या मल्लाह, निषाद, केवट कुटुंबांचे त्यानंतर जे झाले त्याची भरपाई कोणत्याही योजनेत कधी धरली गेली नाही. धरणात जमीन गेलेला शेतकरी निदान कागदावर विस्थापित ठरतो. ज्याच्या जाळ्यातून मासा गेला तो कागदावरही येत नाही, कारण नदीच्या पाण्यावर त्याच्या नावाचा सातबारा नसतो. उताण्या पडलेल्या त्या होडीचा मालक आज पानिपतच्या एखाद्या सूतगिरणीत रोजंदारीवर असेल, किंवा वाळूच्या ट्रकवर. विस्थापनाचा हाही एक प्रकार आहे. फरक इतकाच की तो गाव न सोडता घडतो.

आपल्या भाषेत न सापडणारा शब्द

भाषांतर हा माझा नेहमीचा उद्योग आहे. परदेशातील एक वृत्त मराठीत उतरविताना काही महिन्यांपूर्वी मी एका साध्या शब्दापाशी अडलो. जुने धरण विचारपूर्वक, टप्प्याटप्प्याने उतरवून नदी मोकळी करण्याच्या कामाला मराठीत काय म्हणावे? धरण बांधणे आहे, धरण भरणे आहे, धरण फुटणे आहे. बांध फोडणे आहे, पण तो गुन्हा आहे. शेजाऱ्याचा बांध फोडला म्हणून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात. शेवटी मी ‘धरण उतरविणे’ असे लिहिले. छप्पर किंवा ओझे उतरवितात तसे. शब्द नव्हता, कारण ते काम आपण कधी केलेले नव्हते.

ह्यामागे भीतीही आहे आणि ती निराधार नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याची पेठच्या पेठ वाहून गेली, ही आठवण दोन पिढ्या पुसली गेली नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील लहान धरण फुटले आणि झोपेतील माणसे वाहून गेली. परंतु ह्या घटनांचा अर्थ नीट लावला पाहिजे. उतरविलेले धरण फुटत नाही. देखभालीवाचून तसेच सोडलेले धरण फुटते. म्हणून जुन्या बांधाची तपासणी करून जो निकामी आहे तो वेळीच उतरविणे, हा खालच्या गावांच्या जीविताचाही प्रश्न आहे.

दुसरे कारण वैचारिक आहे, आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. स्वातंत्र्योत्तर काळात पुरोगामी विचाराच्या आपणा सर्वांना धरण हे उत्पादक शक्तींच्या विकासाचे प्रतीक वाटत आले. दुष्काळ पाहिलेल्या देशात ते वाटणे स्वाभाविक होते, आणि त्या धरणांनी लाखो शेतकऱ्यांच्या तोंडात घास घातला हे आजही खरे आहे. तथापि निसर्गावरील विजयाविषयी शास्त्रीय समाजवादाच्या संस्थापकांनी दिलेला इशारा आपण पुरेशा गांभीर्याने वाचला नाही. वानराचे मानवात रूपांतर होण्यात श्रमाचा वाटा काय, ह्यावर एंगेल्सने १८७६ मध्ये लिहिलेल्या अपुऱ्या निबंधात मेसोपोटेमिया, ग्रीस आणि आशिया मायनरची उदाहरणे आहेत. शेतीसाठी तेथील लोकांनी जंगले तोडली आणि त्याबरोबर ओल धरून ठेवणारी भूमीच गमावली. पहिला परिणाम अपेक्षेप्रमाणे होतो. दुसरा आणि तिसरा परिणाम पहिल्यावर पाणी फिरवितो. यमुनेच्या काठी आपण आज दुसऱ्या आणि तिसऱ्या परिणामांच्या काळात उभे आहोत.

काम संपलेली भिंत

पानिपतहून नदीच्या वाटेने खाली दिल्लीला आलो की ह्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण समोर येते. इंद्रप्रस्थ औष्णिक वीज केंद्राला थंड करण्यासाठी पाणी मिळावे म्हणून आयटीओजवळ यमुनेवर एक बॅरेज उभारण्यात आले. जागा दिल्लीची, देखभाल हरियाणाच्या पाटबंधारे खात्याकडे. २०१० पर्यंत ते वीज केंद्र बंद झाले. ज्या कामासाठी पाणी अडविले होते ते काम उरले नाही. बॅरेज मात्र उभेच राहिले, त्याचे दरवाजे गंजत गेले आणि मागे गाळ साचत गेला.

जुलै २०२३ मध्ये ह्या निष्काळजीपणाची किंमत लोकांनी मोजली. हथनीकुंडहून एका वेळी साडेतीन लाख क्युसेकहून अधिक पाणी सुटले. १३ जुलै रोजी दिल्लीत यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली आणि १९७८ चा २०७.४९ मीटरचा विक्रम मोडला. त्या वेळी आयटीओ बॅरेजच्या ३२ दरवाजांपैकी ५ गाळात रुतून बसले होते. ते उघडण्यासाठी लष्कराला आणि नौदलाच्या पाणबुड्यांना बोलवावे लागले. पाणी प्रथम शिरले ते यमुनेच्या काठावर भाजीपाला पिकविणाऱ्यांच्या आणि मजुरांच्या झोपड्यांत. दोन राज्यांची सरकारे मात्र दरवाजांची जबाबदारी कोणाची ह्यावर एकमेकांकडे बोट दाखवीत राहिली.

बॅरेजवरून रहदारीचा पूल जातो. तो लोकांच्या उपयोगाचा आहे आणि तो राहिला पाहिजे. परंतु पूल राखून पात्रातील अडथळा कायमचा काढता येतो का, ह्याची तांत्रिक तपासणी करून निर्णय घेण्यात कोणाचे हित आड येते? कोणाचेच नाही. कारण एवढेच आहे की आपल्या राज्यव्यवस्थेत बांधण्यासाठी अंदाजपत्रक असते, निविदा असते, ठेकेदार असतो, उद्‌घाटनाचा दगड असतो. उतरविण्यात ह्यांपैकी फारसे काही नसते. नव्या बांधकामात ज्यांचा नफा आहे त्यांना जुन्या बांधकामाच्या निरोपात रस नाही.

येथे एक भ्रमही दूर केला पाहिजे. हा एक अडथळा काढला म्हणजे उद्या दिल्लीत मासे खेळू लागतील असे कोणी समजू नये. दिल्लीच्या पात्रात पाण्यातील प्राणवायू वर्षाच्या मोठ्या भागात जवळजवळ शून्यावर असतो. प्रथम प्रवाह, मग स्वच्छता आणि त्यांच्याबरोबर वाट, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय नदी जिवंत होत नाही. शिवाय अनेक दशके साचलेल्या गाळात कारखान्यांची विषारी द्रव्ये असतात. तो न तपासता एकदम मोकळा करणे म्हणजे एका गावचे विष दुसऱ्या गावाला पाठविणे होय. धरण उतरविणे हे बांधण्याइतकेच शास्त्रशुद्ध काम आहे. सुतळी कापून मोकळे होण्याचा तो प्रकार नव्हे.

दोन देशांचे अनुभव

हे सारे श्रीमंत देशांचे चोचले आहेत असा आक्षेप आपल्यातीलच काही साथी घेतात. त्यांच्यासाठी दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले अमेरिकेचे. तेथील क्लॅमथ नदीवर वीज कंपनीची चार धरणे होती. काठच्या युरोक, कारुक आदी मूलनिवासी जमातींचे सारे जीवन साल्मन माशावर उभे होते. सप्टेंबर २००२ मध्ये त्या नदीत हजारो साल्मन मरून पडले आणि त्यानंतर ह्या जमातींनी वीस वर्षे लढा दिला. भागधारकांच्या सभांपुढेही त्यांनी निदर्शने केली. परवान्याच्या नूतनीकरणासाठी माशांना वाट करून देण्याचा खर्च धरण उतरविण्यापेक्षा महाग पडतो असे दिसल्यावरच कंपनी नमली. २०२४ च्या अखेरीपूर्वी चारही धरणे उतरली आणि त्याच शरद ऋतूत साल्मन वरच्या पात्रात पोहोचले. ह्यातही भांडवलशाहीचे रूप लपत नाही. खर्चाचा भार वीज ग्राहकांवर आणि कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक कर्जरोख्यांवर पडला, आणि कंपनी जबाबदारीतून मोकळी झाली. नदी सुटली ती कंपनीच्या औदार्याने नव्हे. काठच्या माणसांनी ती सोडविली.

दुसरे चीनचे. चिशुई ह्या नदीचे नाव आपल्या वाचकांना अपरिचित नाही. १९३५ च्या आरंभी लाँग मार्चमध्ये लाल सेनेने तीच नदी चार वेळा ओलांडून शत्रूला चकविले होते. यांगत्सेची ही उपनदी पुढे लहान जलविद्युत केंद्रांच्या शेकडो बांधांनी जागोजागी तोडली गेली आणि माशांच्या जाती नष्ट होऊ लागल्या. यांगत्सेचा स्टर्जन मासा निसर्गातून नामशेष झाल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. चिनी सरकारी वृत्तसंस्थेच्या २०२५ मधील वृत्तानुसार चिशुईवरील ३५७ बांधांपैकी ३०० बांध डिसेंबर २०२४ पर्यंत पाडण्यात आले, आणि संगोपन केंद्रांत वाढविलेला स्टर्जन तेथे पुन्हा सोडण्यात येत आहे. चीनच्या प्रत्येक धोरणाशी आपण सहमत असलेच पाहिजे असे नाही. मोठी धरणे तेथेही बांधली जात आहेत. पण वीज आणि उद्योग ज्याला हवा आहे असा देश एका नदीवरील तीनशे बांध उतरवितो, ह्यावरून हा प्रश्न चोचल्यांचा नाही एवढे तरी सिद्ध होते.

शेतकऱ्याचा प्रश्न

पानिपतला कालव्याच्या काठी एका वृद्ध शेतकऱ्याशी बोलणे झाले. मी नदीत पाणी सोडण्याची गोष्ट काढली, तशी त्यांनी शांतपणे विचारले की नदीत पाणी सोडले तर माझ्या शेताचे काय? तीन एकर जमीन, गहू आणि भात. ह्या प्रश्नाला जो उत्तर देऊ शकत नाही त्याने नदीची गोष्ट बोलू नये.

उत्तर असे आहे. ताजेवाल्याचा निवृत्त बंधारा किंवा आयटीओचे बॅरेज ह्यांच्यामुळे कोणाही शेतकऱ्याला एक थेंब पाणी मिळत नाही. अशा भिंती उतरविल्याने त्यांच्या तीन एकरांना धक्का लागत नाही. हथनीकुंडचा प्रश्न वेगळा आहे. ते बॅरेज राहणार आहे. तेथे मागणी आहे ती नदीला तिचा रास्त वाटा देण्याची आणि माशांना वाट देण्याची. तो वाटा लहान शेतकऱ्याच्या पाळीतून काढायचा की पाण्याच्या उधळपट्टीतून, हे राजकीय शक्ती ठरवितात. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचत नाही, त्याचे कारण मासे नाहीत. वरच्या टोकाला ज्यांचे वजन आहे ते दोन पाळ्यांचे पाणी घेतात, आणि खालच्या टोकाचा लहान शेतकरी कर्ज काढून कूपनलिका अधिक खोल करतो. हमीभावाने खरेदी मुख्यतः गहू-भाताचीच होते म्हणून कोरड्या मुलखात भात लावावा लागतो. इतर पिकांची हमीभावाने खरेदी होऊ लागली तर त्याच शेतकऱ्याचे पाणीही वाचेल आणि उत्पन्नही. नदी आणि शेतकरी ह्यांना एकमेकांसमोर उभे करणे सोयीचे असते ते ज्यांना वाटणीचा मूळ प्रश्न झाकून ठेवायचा असतो त्यांना.

धरण म्हणजे वाईट, अशी भूमिका येथे मांडलेली नाही. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर तांदुळवाडीजवळ उभे राहिलेले बळीराजा धरण आठवा. १९८० च्या दशकात दुष्काळाने गांजलेले शेतकरी आणि मुंबईच्या कापड गिरण्यांच्या संपानंतर गावी परतलेले कामगार ह्यांनी मुक्ती संघर्ष चळवळीतून ते उभारले. वाळूच्या विक्रीतून त्याला पैसा उभा राहिला, आणि पाण्याच्या समान वाटपाचे तत्त्व त्यात प्रथमपासून होते. त्याच्या उलट टोकाला मुळशी. तेथे कंपनीच्या विजेसाठी मावळ्यांची जमीन बुडविली जात होती म्हणून १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. दोन्ही ठिकाणी भिंत होती. फरक होता तो ती कोणी, कोणासाठी आणि कोणाला विचारून बांधली ह्यात. उतरवितानाही हेच तीन प्रश्न विचारावयाचे आहेत.

आपल्या घरचा धडा

पानिपतचा हा प्रश्न महाराष्ट्रातील साथींना दूरचा वाटू नये. देशात सर्वांत जास्त मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. त्यांची नोंदलेली संख्या दोन हजारांहून अधिक आहे. लहान बंधारे किती, त्यांतील कामाचे किती आणि निकामी किती, ह्याचा गावोगावचा हिशेब लोकांसमोर मांडला गेलेला नाही. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा मुख्यतः पंधरा मीटरांहून उंच धरणांसाठी आणि त्याहून कमी उंचीच्या काही ठरावीक धरणांसाठी आहे. ओढ्यावरचा फुटका बंधारा त्याच्या कक्षेत येत नाही. मासा मात्र नेमका तेथेच अडतो.

आपल्याकडचा महसीर शास्त्राच्या नोंदीत आला तो १८३९ मध्ये, पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यातून. आज त्या पाण्यात तो शोधून सापडणार नाही. उलट महाड तालुक्यातील वाळण कोंडीसारख्या डोहांत लोकांनी श्रद्धेपोटी मासे राखले आणि ते राहिले. म्हणजे राखायचे ठरविले तर राखता येते. श्रद्धेने एक डोह राखला जातो. संपूर्ण नदी राखण्यासाठी संघटित लोकशक्ती लागते.

आणि ह्या कामाचे तंत्रही आपल्या घरी आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे पावसाळ्यात वाटेतून बाजूला होणारा बंधारा. पावसाळा तोंडावर आला की त्याचे बर्गे काढावयाचे, पूर आणि गाळ खाली जाऊ द्यावयाचा, आणि पाऊस ओसरला की पुन्हा बर्गे घालून रब्बीसाठी पाणी अडवावयाचे. माशाला वाट हवी असते तीही नेमकी पावसाळ्यात. शेतकरी आणि मासा दोघांचेही वेळापत्रक ज्यात बसते असे हे बांधकाम आहे. त्याची आज काय स्थिती आहे हे पंचगंगा-कृष्णेच्या काठचा प्रत्येक शेतकरी जाणतो. बर्गे वेळेवर निघत नाहीत, गंजतात, चोरीला जातात. मग एकतर पूर अडतो, नाहीतर पाणी अडत नाही. चांगल्या तंत्राला लोकांची देखरेख नसली की त्याचे असे होते.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या भागात हाती घ्यावयाची कामे स्पष्ट आहेत. प्रत्येक तालुक्यात बंधाऱ्यांची लोकांनी केलेली यादी तयार व्हावी आणि त्यात पाणी कोणाला मिळते, बांध सुरक्षित आहे का आणि मासे चढतात का, हे तीन रकाने असावेत. जो बांध कोणाच्याही उपयोगाचा नाही तो, ग्रामसभेच्या संमतीने आणि गाळाची तपासणी करून, सरकारी खर्चाने उतरविला जावा. जो उपयोगाचा आहे त्याचे बर्गे वेळेवर निघावेत, आणि कायम भिंतीला मत्स्यमार्ग असावा. बांधाच्या मागच्या डोहावर ज्या भोई, कोळी, ढीवर कुटुंबांची मासेमारी चालते त्यांना निर्णयात स्थान आणि संक्रमणकाळाची भरपाई मिळावी. वरच्या मच्छीमाराला वाट देताना खालच्याची चूल विझता कामा नये.

यमुनेच्या बाबतीत तर घटका आली आहे. २०२५ नंतर आपल्या वाटपाचा फेरविचार करता येईल अशी तरतूद १९९४ च्या करारातच आहे. राज्यांची सरकारे आपापले आकडे घेऊन बसतील आणि बहुधा नवी धरणे मागतील. त्या टेबलाभोवती नदीची बाजू मांडणारी खुर्ची नसेल, मल्लाहाची नसेल आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचीही नसेल. ह्या तिघांचे हित एकच आहे हे ओळखून त्यांना एकत्र आणणे, हे हरियाणा आणि उत्तर प्रदेशातील किसान आणि कामगार संघटनांसमोरचे काम आहे. त्या वाटाघाटीत सेकंदाला १० घनमीटर हा आकडा नदीच्या वाट्याची कमाल मर्यादा म्हणून पुन्हा लिहिला गेला, तर पुढची तीस वर्षे पानिपतची ती होडी वाळूतच राहील.

१७६० मध्ये यमुनेने दोन बलाढ्य सैन्यांना आपल्या तीरावर थोपवून धरले होते. आज तिला आडवे येण्यासाठी सैन्य लागत नाही; एक गंजलेला दरवाजा आणि एक बेफिकीर कार्यालय पुरते. तो दरवाजा उतरविण्याची मागणी काठच्या कष्टकऱ्यांकडून यावी लागेल, कारण ती दुसऱ्या कोणाकडूनही येणार नाही.